विमानं घरी पोचवणारे अलविक्का

माझ्या खोलीच्या छपरावर एक पांढरा पाइप उभा आहे. अलविक्कांनी तो पहिल्यांदा उभा केला तेव्हा मी कडाकडा भांडलो होतो. भाडं मी देतो, खाली मी झोपतो, आणि डोक्यावर काठी यांची. उद्या वीज पडली तर मरायचं कुणी?

"घाबरू नकोस, सेट्टू," अलविक्का म्हणाले. "वीज पडली तर आधी माझं मशीन जाईल. तुझ्यापर्यंत यायला तिला जरा वेळ लागेल."

असल्या माणसाशी भांडणार तरी किती!

सेट्टू म्हणजे मी. विट्याकडची आमची माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, त्यात मी केरळात कोंडोट्टीच्या बाजारात येऊन पडलो आणि इथलाच होऊन गेलो. आम्हा लोकांना इकडे सेट्टूच म्हणतात. बायको गावी असते. तिच्याशी फोनवर भांडताना मध्येच मल्याळम शब्द तोंडात येतो आणि ती आणखी चिडते. अलविक्कांच्या गच्चीवर एकच खोली आहे, ती माझी. समोरच्या टेकडीवर करिपूरचा विमानतळ. विमान उतरायला आलं की माझ्या मांडणीवरच्या ताटल्या वाजतात आणि ते निघून गेलं तरी स्टीलचा एक पेला थोडा वेळ वाजतच राहतो.

अलविक्कांचं खरं नाव कुंजलवी. इक्का म्हणजे इकडचा दादा. साठी ओलांडलेले, बुटके, कमरेत जरा वाकलेले. ती कमर आखातातल्या एका विमानतळावर गेली. तिथं ते विमानात सामान चढवायचे. जवानी त्यातच सरली. परत आले तेव्हा गावाला वाटलं, आता हा माणूस दोन नारळ लावेल, मशिदीच्या कमिटीत बसेल, नातवंडं खेळवेल. यांनी नारळ काढणाऱ्या माणसाला बोलावून छपरावर पाइप चढवला, त्याची वायर काड्यापेटीएवढ्या डबीला जोडली, जावयाने दिलेला टॅब मांडीवर घेतला आणि विमानं बघत बसले.

मला त्यातलं कळतं ते एवढंच. प्रत्येक विमान उडता उडता आपलं नाव, उंची, वेग ओरडून सांगत असतं. ज्याच्या छपरावर असा पाइप आहे त्याला ते ऐकू येतं. जगभर असे हजारो रिकामटेकडे आहेत. प्रत्येकजण आपल्याला ऐकू आलेलं इंटरनेटवर पाठवतो, आणि सगळ्यांचं मिळून एक नकाशा तयार होतो. त्यावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकत असतात. याचे कुणी पैसे देत नाही. मी हे ऐकलं तेव्हा म्हटलं, "इक्का, फुकट कशाला करता मग?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सेट्टू, तू सोनं गाळतोस. गाळलेल्या सोन्याचं पुढं काय होतं, तुला दिसतं?"

"समोर सोनाराचं दुकान आहे. बांगडी झालेली दिसते."

"मला नाही दिसलं कधी. इतकी वर्षं विमानं भरली. आपल्याच गावच्या माणसांचं सामान. दोरीनं बांधलेली खोकी, त्यावर नाव लिहिलेलं, कोंडोट्टी, मंजेरी, तिरूर. दार लावलं, हात केला, विमान गेलं. पोचलं का, कुणी सांगायला येत नाही. दुसरं विमान उभंच असायचं. आता बसून बघतो. एकेक पोचतं."

त्यानंतर मी त्या पाइपावरून भांडलो नाही.

त्यांची बायको सुहरात्ता मात्र भांडायची. "घरात गॅस संपला ते यांना दिसत नाही, पण जेद्दाहून कोण निघालं ते दिसतं," हे तिचं रोजचं. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती टॅबवर मुद्दाम ओला परकर टाकायची. अलविक्का तो बाजूला करायचे आणि म्हणायचे, "ढग आले."

हळूहळू माणसं यायला लागली. इकडे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आखातात. नवरा येणार, मुलगा येणार, की अख्खं घर जीप करून विमानतळावर. तिथं उभं राहून पाय मोडण्यापेक्षा आधी अलविक्कांच्या गच्चीवर यायचं, विमान कुठं आहे विचारायचं, मग निघायचं. कुणी विचारायचं, "आमचे हे झोपलेत की जागे?" एका नव्या नवरीने तर हळूच विचारलं होतं की विमान जरा जोरात नेता येतं का. अलविक्का सगळ्यांना उत्तर द्यायचे, पण त्यांचा एक नेम होता. दिसतं तेवढंच सांगायचं. उशीर असेल तर उशीर आहे, परत फिरवलं असेल तर फिरवलं. दिसत नसेल तर दिसत नाही. विमानाबद्दल कुणाचं समाधान करायला ते कधी गोड बोलले नाहीत.

दिसत नाही, हे तर रोज एकदा व्हायचंच. भर समुद्रात पाइप लावणारं कोण आहे? ओमानचा किनारा सुटला की विमान तिकडच्या लोकांच्या टापूबाहेर जातं आणि आपल्या किनाऱ्याच्या जवळ येईपर्यंत नकाशावरून पुसलं जातं. सुहरात्ताच्या बहिणीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्याचं विमान असंच पुसलं गेलं आणि तिने गच्चीवरच हंबरडा फोडला. खालून बायका धावल्या, कुणीतरी कुराणातला यासीन म्हणायला लागलं, एकीने दातखीळ बसलेल्या बहिणीच्या तोंडात चमचा घातला. अलविक्का बिचारे ओरडून सांगतायत, "अगं, विमान आहे! ऐकणारं कुणी नाही तिथं! मासे ऐकणार आहेत का?" कोण ऐकतंय! नवरा उतरून दारात आला तर अर्धं गाव रडत बसलेलं. तो पेटी खाली टाकून विचारू लागला, कोण गेलं, कोण गेलं? तेव्हापासून समुद्राच्या वेळेला सुहरात्ता सगळ्यांना खाली बोलावून चहा द्यायची.

गेल्या डिसेंबरात मोइदु हाजी गच्चीवर आले. हाजी इथल्या मशिदीच्या कमिटीवरचे, वजनदार माणूस. ते काही विमान विचारायला येणारे नव्हेत. तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपून सरळ वर आले आणि माझ्याच खुर्चीवर बसले. मी खोलीच्या उंबऱ्यावर.

"जाबिर गेला," ते म्हणाले.

जाबिर त्यांचा भाचा. त्यांच्या बहिणीचा, तित्तुम्माचा, एकुलता एक. दम्मामला एका किराणा दुकानात होता. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. तिशीही गाठली नव्हती, मुली बघणं चाललं होतं. तित्तुम्मा रस्त्यापलीकडेच राहते. मी खाली मान घातली आणि तिच्या अंगणातली जांभळ्या फुलांची वेल बघत बसलो.

"कागदपत्रांना वेळ लागणार," हाजी म्हणाले. "आठवडा तरी. तिला सांगितलंय ताप आहे. उद्या सांगू, दवाखान्यात ठेवलाय. मग सांगू, घरी पाठवतायत. मय्यत दारात आली की मग काय ते."

यात त्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. इकडची रीतच ती आहे. आईला आणि बायकोला शेवटच्या घटकेपर्यंत कळू द्यायचं नाही. मला विचाराल तर त्यात शहाणपण आहे. देह हजारो मैलांवर एका थंड खोलीत पडलेला, सही कुणाची राहिली, शिक्का कुणाचा राहिला, आणि इकडे बाई आठ दिवस अन्नपाण्यावाचून जमिनीवर डोकं आपटणार. ते आठ दिवस तिच्यापासून दूर ठेवता आले तर काय वाईट?

"ती तुझ्याकडे येणार, अलवी," हाजी म्हणाले. "रोज येणार. तू काही बोलू नकोस. ज्या दिवशी आणू त्या दिवशी तिला इथं वर बसवून ठेव. उशीर आहे म्हण, काही म्हण. आम्ही घर आवरून, बायकांना जमवून ठेवतो, मग खाली बोलावतो."

"मी विमानाबद्दल खोटं बोलत नाही, हाजी."

"विमानाबद्दल कोण बोल म्हणतंय? ती माझी बहीण आहे. तिचं हृदय तुला माहीत आहे, गोळ्या चालू आहेत. तू तोंड उघडलंस आणि तिचं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्या माथी. मी तुझं तोंड बघणार नाही."

अलविक्का गप्प राहिले. हाजींनी तो होकार धरला आणि उतरून गेले. आज ते खरोखरच अलविक्कांचं तोंड बघत नाहीत. मशिदीत एका रांगेत उभे राहतात, सलाम मात्र दुसऱ्याला करतात.

तित्तुम्मा दुसऱ्याच दिवशी आली. अलविक्कांपेक्षा चार-पाच वर्षांनी थोरली, हाडाने बारीक, पण जिना चढताना कुणाचा हात धरणार नाही. हातात फडक्यात बांधलेल्या पत्तिरी, तांदळाच्या पातळ भाकऱ्या.

"खा. डोकं चाललं पाहिजे तुझं," ती म्हणाली. "मला सांग अलवी, त्या तुझ्या मशीनमध्ये दवाखाना दिसतो का?"

"नाही इत्ता. विमानंच दिसतात." इत्ता म्हणजे इकडची ताई.

"फोन काढून घेतलाय म्हणे त्याचा. तापात फोन कशाला काढून घेतात? मोइदूला विचारलं तर म्हणतो, तिकडचे नियम." तिने टॅबकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तो विमानात बसेपर्यंत तू काही कामाचा नाहीस."

"नाही इत्ता," अलविक्का म्हणाले.

ती रोज येऊ लागली. रोज काहीतरी आणायची. एकदा केळ्याचे काप, एकदा अंड्याची गोड शेव, तीही जाबिरसाठी करून ठेवलेल्यातली. अलविक्का घ्यायचे आणि ती गेली की ताट माझ्याकडे सरकवायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी टॅब उघडणंच बंद केलं. आकाशात आवाज आला तरी मान वर नाही. सुहरात्ता दोनदा विचारून गेली, पाठ दुखते का म्हणून.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं कोरा चहा पीत होतो. सुहरात्ताने पेला खाली ठेवला.

"तिचा नवरा वारला तेव्हाचं तिने मला एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "तो तिकडेच गेला, तिकडेच पुरला. इथं अंगणात माणसं जमायला लागली. हिने विचारलं, काय झालं, तर कुणी बोलेना. हिला वाटलं, मशिदीचं काही काम असेल. हिने सगळ्यांना चहा केला. साखर कमी पडली म्हणून शेजारून मागून आणली. सगळे बसून चहा प्यायले. सगळ्यांना माहीत होतं. हिलाच नव्हतं." तिने नवऱ्याकडे बघितलं. "नवरा गेल्याचं दुःख आहेच, म्हणाली. पण तो चहा मला जन्मात विसरता येणार नाही, म्हणाली."

"मग मी काय करू?" अलविक्का एकदम मोठ्याने म्हणाले.

"मला काय विचारता? मला विचारून कधी काही केलंय?"

मी म्हटलं, "हाजींचं ऐका, इक्का. तुम्ही कोण तिचे? भाऊ तिचा तो. उद्या खरंच काही झालं तर गावात राहणं मुश्किल होईल."

अलविक्कांनी त्या दिवशी आलेल्या पत्तिरींवर फडकं टाकलं आणि ते खाली गेले.

मय्यत आणायचा दिवस ठरला. सकाळचं विमान. हाजी आणि बरोबरचे पुरुष ॲम्ब्युलन्स घेऊन अंधार असतानाच टेकडीवर गेले. तित्तुम्माला सांगितलं होतं, जाबिर येतोय, अजून अशक्त आहे, आम्ही घेऊन येतो, तू अलवीकडे बस. पहाटेची नमाज झाली आणि ती जिना चढून आली. डोक्यावर नवी पांढरी ओढणी, घडीच्या रेघा तशाच. हातात स्टीलचा डबा. मी दारात उभा राहून दात घासत होतो. गच्चीवर एवढं धुकं होतं की पाइपचं टोक दिसत नव्हतं.

अलविक्का टॅब उघडून बसले होते. किती दिवसांनी, कोण जाणे.

"बसलाय?" तित्तुम्माने विचारलं.

"विमान निघालंय, इत्ता. हे बघा. मस्कतजवळ आहे."

तिने बोट ठेवलं तसा नकाशा सरकला. "अगं बाई, पळाला!"

"बोट नका लावू. नुसतं बघा."

ती वाकून बघत राहिली. पिवळं विमान ओमानच्या काठाशी सरकत होतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघायला नको होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती.

"एवढासा," ती म्हणाली. "अलवी, तो कुठल्या बाजूला बसलाय? खिडकी मागून घेतो तो नेहमी. वरून आपले माड दिसतात म्हणतो."

सुहरात्ता जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन थांबली होती. मी हाताने अलविक्कांना खूण केली. काहीही सांगा, डावीकडे सांगा, उजवीकडे सांगा.

"इत्ता," अलविक्का म्हणाले, "तो बसलेला नाही."

तिने टॅबवरून मान वर केली.

"खाली आहे. निजलेला. जिथं मी सामान चढवायचो ना, तिथं."

मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की हातातला ब्रश फेकून मारावा. हाजींनी चार बायका जमवून ठेवल्या होत्या हिला धरायला. इथं कोण होतं? एक वाकलेला म्हातारा, पायरीवर एकटी सुहरात्ता, दारात तोंडात फेस घेऊन उभा असलेला मी.

तित्तुम्मा ओरडली नाही. तिने ओढणीचं टोक हातात धरलं, मरणाची बातमी ऐकल्यावर म्हणतात ते 'इन्ना लिल्लाही' म्हणायला लागली, ते मध्येच थांबलं, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि या वेळी पुरं केलं.

"कधी?"

"ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा पत्तिरी घेऊन आलात, त्याच्या आदल्या दिवशी."

"मोइदूला माहीत होतं."

"हो."

"सुहराला?"

सुहरात्ता पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"या सेट्टूलाही?"

मी मान हलवली. माझ्या तोंडातली पेस्ट गिळली गेली.

ती उठली. जिन्याकडे चार पावलं गेली. आम्ही तिघंही हललो नाही. मग ती थांबली, वळली.

"तो अजून तिकडेच आहे ना?" तिने विचारलं. "मस्कतला?"

"सुटतोय आता."

"मग मी खाली जाऊन काय करू?" ती परत येऊन अलविक्कांच्या शेजारी बसली.

पुढचं सगळं मी खोलीच्या दारातून बघितलं. ती विचारत होती आणि अलविक्का सांगत होते, एकेक, जसं असेल तसं.

"नीट ठेवतात का?"

"नीट ठेवतात. पट्ट्यांनी बांधतात, हलत नाही. त्यावर दुसरं काही ठेवत नाहीत. मी कधी कुणाला ठेवू दिलं नाही. पेटी आली की आम्ही आपले लोक बिडी टाकून पुढे व्हायचो. सलाम करूनच चढवायचो."

"हिंदू असला तर?"

"तरी. तो थोडाच उत्तर देणार आहे?"

ती थोडी हसल्यासारखी झाली आणि मग तिला हसल्याचंच रडू आलं. बरंच रडली. अलविक्कांनी तिला थांबवलं नाही, पाणीही पुढे केलं नाही. ते नकाशावर लक्ष ठेवून बसले.

"अंधार असतो तिथं?"

"दार लावलं की अंधार."

"एकटाच आहे?"

"खाली एकटा. पण वर माणसं आहेत, इत्ता. त्याच्या बरोबर वर. सगळी आपलीच, घरी येणारी."

थोड्या वेळाने विमान पुसलं गेलं.

"कुठं गेला?"

"समुद्रावर आहे. तिथं ऐकणारं कुणी नाही. आपल्या किनाऱ्याजवळ आला की माझा पाइप त्याला ऐकेल."

"तोपर्यंत त्याला कोण बघतंय?"

नसलेलं उत्तर देणं अलविक्कांना येत नाही. तित्तुम्माने मग त्यांना विचारलं नाही. ती मांडी घालून ताठ बसली आणि यासीन म्हणायला लागली. पाठ होतं तिला. संपलं की पुन्हा सुरू करायची. सुहरात्ता खालून चटई घेऊन आली आणि तिच्या मागे बसून तीही म्हणू लागली. मी धुक्यात उभा होतो. आमच्या घरी कुणी गेलं की आम्ही भजन लावतो, मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, पण मी तोंड धुवायला आत गेलो नाही. समुद्र एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आला," अलविक्का म्हणाले.

तिने यासीन संपवूनच डोळे उघडले.

किनारा ओलांडून विमान टेकडीकडे आलं, आणि उतरायच्या ऐवजी वळलं. नकाशावर त्याच्या मागे एक लांबट वाटोळी रेघ उमटली. मग तिच्यावर दुसरी. धुकं उठेपर्यंत ते वर फिरत राहणार होतं. अलविक्कांचा फोन वाजला. हाजींचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "उतरत नाहीये! धुकं आहे! कोचीला पळवतात की काय कोण जाणे. तिला काही कळू देऊ नकोस!" अलविक्का "हाजी, ऐका" म्हणेपर्यंत फोन बंद.

वरून आवाज येत होता, बारीक, मग जवळ, मग पुन्हा दूर. दिसत काहीच नव्हतं. तित्तुम्मा मान वर करून बसली होती.

"इत्ता, थोडा वेळ लागेल," अलविक्का म्हणाले. "पण उतरेल. धुकं पातळ होतंय."

"घाई कसली?" ती म्हणाली. "फिरू दे. उतरला की तो तुम्हा पुरुषांचा."

ते खरंच होतं. उतरला की सह्या, ॲम्ब्युलन्स, मशीद, खांदे. कबरस्तानात इकडे बायका जात नाहीत. तिला दारात क्षणभर तोंड दाखवतील आणि उचलतील. तोवर तो तिच्या डोक्यावर फिरत होता. आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला तिची मान वळत होती. मी तेव्हा अलविक्कांकडे बघितलं. माझा राग गेला होता असं म्हणणार नाही. भाऊ जवळ नसताना सांगितलं, ते मला आजही पटत नाही. पण हाजींच्या हिशेबाने या घटकेला ही बाई इथंच बसून, डबा मांडीवर घेऊन, माड दिसतील म्हणून खिडकीशी बसलेल्या मुलाची वाट बघत असती.

ऊन आलं. वाटोळी रेघ सुटली आणि सरळ झाली. माझ्या ताटल्या वाजल्या. तित्तुम्मा उठली, डबा सुहरात्ताच्या हातात दिला. "ताजं आहे, टाकू नका," म्हणाली. जिन्यावर तिने या वेळीही कुणाचा हात धरला नाही.

ॲम्ब्युलन्स यायला बराच वेळ गेला. आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. अंगणात माणसं जमली होती. जमवलेल्या चार बायका ओसरीवर कावऱ्याबावऱ्या बसल्या होत्या, कारण धरायचं जिला तिने आल्या आल्या पुढची खोली झाडून घेतली होती, खाट हलवली होती, धुतलेली चादर अंथरली होती, आणि चहा ठेवू का म्हणणाऱ्या एकीला चूल पेटवू दिली नव्हती.

मोइदु हाजी गाडीतून उतरले. वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. डोळे लाल, आवाज बसलेला. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, त्यांनीच त्या पोराला खांद्यावर खेळवलं होतं. तित्तुम्मा दारात उभी होती. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"इत्ता, धीर धर," ते म्हणाले. "तुला एक सांगायचं आहे. आपला जाबिर..."

तिने आपले हात सोडवून घेतले आणि त्यांच्या डोक्यावरून फिरवले, धाकट्या भावाच्या फिरवावे तसे.

"मला काय सांगतोस, मोइदू?" ती म्हणाली. "मी मस्कतपासून त्याच्याबरोबर आहे. तू आत्ता आलास."